सुट्टी कोण देतं?



काटोलात संत्र्याच्या आंबिया बहाराचा तोडा चालू आहे. बागेत माणूस मिळत नाही, माणूस मिळाला तर गाडी मिळत नाही, आणि असल्या दिवसांत तुम्ही हातपाय धुऊन या सभागृहात येऊन बसलात. ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्यांना हे आवडलं असतं. माझा विषय ऐकून मात्र त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं असतं. मास्तरांच्या स्मृतीला व्याख्यान, आणि विषय काय, तर सुट्टी!

पण मला सांगा, नवीन कालनिर्णय घरात आलं की आपण आधी काय बघतो? एकादशी? राशिभविष्य? नाही. आधी लाल आकडे बघतो. त्यातले रविवारी किती वाया गेले ते बघतो. २०२५ साली तर कहरच झाला. प्रजासत्ताक दिन रविवारी, गुढीपाडवा रविवारी, रामनवमी रविवारी, मोहरमही रविवारी. नोकरदारांचे चेहरे जानेवारीच्या आधीच उतरले होते.

तर हे आकडे लाल कोण करतं? साळगावकरांनी १९७३ साली कालनिर्णय सुरू केलं, पण लाल रंग त्यांचा नाही. तो मंत्रालयातून येतो. सामान्य प्रशासन विभाग दरवर्षी बहुधा नोव्हेंबर-डिसेंबरात पुढल्या वर्षाची अधिसूचना काढतो, ती राजपत्रात छापली जाते, आणि मग आकडा लाल होतो. बरं, मंत्रालयाला हा अधिकार कोणी दिला? तुम्ही म्हणाल, राज्यघटनेनं दिला असेल. राज्यघटनेत सुट्ट्यांची यादी नाही. मग एखादा सुट्ट्यांचा कायदा असेल? त्या नावाचा कायदाही या यादीच्या मुळाशी नाही. मुळाशी आहे तो उधारीचा कायदा.

होय, उधारीचा. परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१. नाव ऐकून घाबरू नका, हा कायदा तुमच्या ओळखीचा आहे. चेक वटला नाही की ज्या कलम १३८ खाली केस लागते, ते याच कायद्यातलं. हुंडी, वचनचिठ्ठी, धनादेश यांचा हा कायदा. त्याच्या कलम २५ मध्ये एक साधा व्यापारी प्रश्न सोडवला आहे. हुंडीची मुदत ज्या दिवशी भरते तो दिवस सार्वजनिक सुट्टीचा निघाला तर पैसे कधी द्यायचे? उत्तर असं की त्याच्या आधीच्या कामाच्या दिवशी द्यायचे. मग पुढचा प्रश्न आला, सार्वजनिक सुट्टी म्हणजे कोणता दिवस? तर रविवार, आणि सरकार राजपत्रात जाहीर करेल तो दिवस. झालं. आपल्या दसऱ्या-दिवाळीच्या सरकारी सुट्टीचा सगळा डोलारा या एका स्पष्टीकरणावर उभा आहे.

१८८१च्या मूळ मजकुरात काही दिवस नावानिशी होते. रविवार, एक जानेवारी, नाताळ आणि गुड फ्रायडे. साहेबाचं पंचांग साहेबानं कायद्यात घातलं. बाकी तुमचे पाडवे नि ईद ज्या त्या प्रांताच्या सरकारनं बघून घ्यावेत. विलायतेत याच्या दहाच वर्षं आधी, १८७१ साली, बँकांच्या सुट्ट्यांचा कायदा झाला होता. तो आणणारे सर जॉन लबक स्वतः बँकवाले होते, आणि मुंग्यांचा अभ्यास करून त्यांनी पुस्तकही लिहिलं. कधीही सुट्टी न घेणाऱ्या प्राण्याचा अभ्यास करणाऱ्यानं माणसांना सुट्टी द्यावी, याची मला गंमत वाटते. पण तिथंही आधी बँक बंद झाली आणि तिच्या मागून दुकानं, कारखाने बंद होऊ लागले.

पुढे आपल्याकडे हा अधिकार केंद्र सरकारकडे होता. ८ मे १९६८ रोजी केंद्रीय गृह मंत्रालयानं अधिसूचना काढून तो राज्यांकडे सोपवला. आजही महाराष्ट्राची यादी निघते तेव्हा तिच्या पहिल्या वाक्यात ते कलम २५ असतं आणि ती ८ मेची तारीख असते. आपण पुरणपोळी खाऊन दुपारी आडवे होतो, त्याचं कायद्याच्या भाषेतलं कारण काय? त्या दिवशी कोणाची हुंडी वटायची नाही, हे!

एवढं खोलात का गेलो? कारण ही यादी मुळात कोणासाठी आहे ते इथं कळतं. ज्याचं खातं आहे, ज्याची देणी-घेणी कागदावर आहेत, ज्याचा पगार महिन्याला होतो, त्याच्यासाठी. बागेत शिडीवर चढून संत्री तोडणारा या कलमात कुठेच नाही. त्याच्याकडे मी शेवटी येणार आहे, तेव्हा त्याला विसरू नका.

आता यादीकडे बघू. महाराष्ट्राच्या यादीत साधारण चोवीस दिवस असतात. प्रजासत्ताक दिनापासून नाताळापर्यंत. मधे महाशिवरात्र, शिवजयंती, धूलिवंदन, पाडवा, रामनवमी, महावीर जयंती, आंबेडकर जयंती, गुड फ्रायडे, महाराष्ट्र दिन, बुद्धपौर्णिमा, दोन्ही ईद, मोहरम, पारशी नववर्ष, गणेश चतुर्थी, ईद-ए-मिलाद, गांधी जयंती, दसरा, लक्ष्मीपूजन, बलिप्रतिपदा, गुरू नानक जयंती. भाऊबीज अलीकडे सरकारी कार्यालयांना वेगळी मिळते, बँकांना नाही. उलट एक एप्रिलचा दिवस फक्त बँकांना मिळतो, वर्षाचे हिशेब मिटवायला. या यादीत एक रकाना असतो भारतीय सौर दिनांकाचा. मेघनाद साहांच्या समितीनं देशासाठी एक पंचांग सुचवलं, २२ मार्च १९५७ पासून ते लागू झालं. त्याप्रमाणे २६ जानेवारी म्हणजे ६ माघ, १५ ऑगस्ट म्हणजे २४ श्रावण. इथं बसलेल्यांपैकी कोणाला हे माहीत होतं? हात वर करा. नाही ना? सरकारी कागदावरचा इतका एकाकी रकाना दुसरा नसेल.

आणि यादी काही एक नाही बरं का. आपल्या काटोलातच बघा. तहसील कार्यालय राज्याच्या यादीनं चालतं. पोस्ट केंद्राच्या यादीनं. केंद्राच्या वर्षाला सतरा सुट्ट्या, त्यातल्या चौदा देशभर ठरलेल्या. उरलेल्या तीन प्रत्येक राज्याच्या राजधानीतली केंद्रीय कर्मचाऱ्यांची समन्वय समिती निवडते. शिवाय माणसागणिक दोन ऐच्छिक. बँकेचं तिसरंच. तिला १ सप्टेंबर २०१५ पासून दुसरा आणि चौथा शनिवार बंद. राज्य सरकारी कचेऱ्यांना २९ फेब्रुवारी २०२० पासून सगळेच शनिवार बंद. न्यायालयाचं कॅलेंडर आणखी वेगळं. सातबाऱ्यासाठी तालुक्याला आलेला शेतकरी कोणत्या दारात कोणत्या दिवशी कुलूप आहे हे कोणत्या पंचांगात बघणार?

एक गोष्ट मात्र मनाला लागते. बाबासाहेबांची जयंती त्या चौदांत नाही. केंद्र सरकार १४ एप्रिलची सुट्टी दरवर्षी वेगळं पत्र काढून जाहीर करतं. ज्यांनी घटना लिहिण्यात धुरा वाहिली त्यांच्या दिवसासाठी दरसाल नवं पत्र! मला हे पटत नाही, म्हणून इथं सांगून टाकलं.

यादीतला एक शब्द किती माणसं पोटात घेतो, त्याचं उदाहरण नागपूरकरांना बाहेरून आणावं लागत नाही. यादीत लिहिलेलं असतं 'दसरा'. त्याच दिवशी रेशीमबागेत संघाचा विजयादशमी उत्सव असतो, आणि त्याच दिवशी दीक्षाभूमीवर देशभरातून आलेली लाखो माणसं असतात. १९५६ साली विजयादशमी १४ ऑक्टोबरला आली होती, त्या दिवशी बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली आणि दिली. दोन जमाव, दोन इतिहास, यादीत शब्द एक. २०२५ साली तर दसरा २ ऑक्टोबरलाच आला. म्हणजे गांधी जयंती, धम्मचक्र प्रवर्तन दिन आणि संघाची शताब्दी, सगळं एका तारखेला, आणि सेवाग्राम काही फार लांब नाही. नोकरदार म्हणाला, एक सुट्टी गेली. मी म्हणतो, या देशाचं शंभर वर्षांचं भांडण एका लाल आकड्यात मावलं, आणि रस्त्यावर शांतता राहिली. याचं श्रेय यादीला नाही. ज्या लाखो लोकांनी आपापल्या वाटेनं जाऊन आपापल्या वाटेनं घर गाठलं, त्यांना आहे.

इथून मी माझ्या मुख्य म्हणण्याकडे येतो. आपण म्हणतो, 'सरकारनं सुट्टी दिली.' खरंच सरकार देतं का?

रविवारच घ्या. हा तर आपल्याला हवा-पाण्यासारखा वाटतो. पण मुंबईच्या गिरणी कामगाराला रविवार नव्हता. साहेबाला होता, चर्चसाठी. गिरणीत मात्र यंत्रं साफ करायचा दिवस आला तर तेवढ्यापुरती सवड. नारायण मेघाजी लोखंडे नावाचा सत्यशोधक, 'दीनबंधू'चा संपादक, यानं १८८४ साली बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन उभी केली. परळला कामगारांच्या सभा घेतल्या. सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज गेला. मागण्या काय? आठवड्यात एक दिवस सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, पगार वेळेवर. ऐकायला किती साधं! पण हे मिळायला सहा वर्षं गेली. १८९० साली महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर सभा भरली, तिथं बायकाही बोलल्या. आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघानं रविवारची सुट्टी मान्य केली. दुसऱ्या वर्षी फॅक्टरी कायद्यात आठवड्याची सुट्टी आली. लोखंडे कामगारांना सांगत की रविवार हा आपल्या खंडोबाचा वार. साहेबाचा चर्चचा दिवस त्यांनी जेजुरीच्या वाटेनं मागून घेतला! आजही जो शिक्षक, जो कारकून रविवारी उशिरा उठतो, त्यानं वर्षातून एकदा लोखंड्यांचं नाव घ्यायला हरकत नाही.

२६ जानेवारी घ्या. आज ती राष्ट्रीय सुट्टी. पण पहिल्या २६ जानेवारीला सुट्टी होती का हो? लाहोरच्या काँग्रेसनं पूर्ण स्वराज्याचा ठराव केला आणि २६ जानेवारी १९३० हा दिवस स्वातंत्र्य दिन म्हणून पाळायला सांगितला. गावोगावी लोक जमले, शपथ घेतली, तिरंगा लावला. त्या दिवशी कचेऱ्या चालू होत्या. सुट्टी राहू द्या, झेंडा लावला म्हणून तुरुंग होता. सतरा वर्षं लोकांनी हा दिवस सुट्टीशिवाय पाळला. घटना २६ नोव्हेंबर १९४९ला स्वीकारून झाली होती, पण ती अमलात आणायला २६ जानेवारी निवडली, ती लोकांनी आधीच पाळलेल्या त्या दिवसाचा मान म्हणून. आधी दिवस लोकांनी पाळला, कागद मागून आला.

१४ एप्रिलचंही तेच. १९२८ साली पुण्यात जनार्दन सदाशिव रणपिसे यांनी बाबासाहेबांची पहिली सार्वजनिक जयंती साजरी केली. बाबासाहेब तेव्हा हयात होते, छत्तीस-सदतीस वर्षांचे. कोणत्या सरकारनं परवानगी दिली होती? वस्त्यांनी वर्गणी काढली, मिरवणूक निघाली, आणि दशकानुदशकं निघत राहिली. यादीत नाव नंतर आलं.

शिवजयंतीची तर तारीखच वादात होती. तिथी कोणती, साल कोणतं यावर इतिहासकारांची समिती बसली, आणि अखेर शासनानं फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख धरली. तरी गावागावांत तिथीनं जयंती करणारे आजही करतातच. सरकारनं तारीख ठरवली, लोकांनी ऐकलं ते अर्धं. मला यात काही वाईट दिसत नाही. उत्सव एकदा होण्यापेक्षा दोनदा होतो, ढोलवाल्यांना काम मिळतं.

आता अलीकडची गोष्ट, आणि माझ्या मते गेल्या काही वर्षांतली सुट्टीच्या बाबतीतली सर्वांत मोठी गोष्ट. २०२३ साली २८ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी आली आणि त्याच दिवशी ईद-ए-मिलाद. मुंबईत लालबागपासून गिरगावपर्यंत गणपती रस्त्यावर, आणि भायखळ्याला ईदचा जुलूस. काय झालं असतं, याची कल्पना करायला फार डोकं लागत नाही. पण मुस्लिम संघटनांनी ठरवलं, आपण जुलूस दुसऱ्या दिवशी काढू. शासनानं सुट्टीही २९ सप्टेंबरला दिली. पुढच्या वर्षी चतुर्दशी १७ सप्टेंबरला आणि ईदची सुट्टी १६ला होती. मुंबईत ती १८ला नेली. २०२५ साली पुन्हा तेच. मुंबईत ५ सप्टेंबरची सुट्टी ८ तारखेला गेली, बाकी महाराष्ट्रात ५लाच राहिली.

बघा, पैगंबरांचा जन्मदिवस काही कोणी बदलला नाही. तिथी तीच, नमाज तोच. बदलली ती सुट्टी आणि जुलूस. सण आणि सुट्टी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे राजपत्रानं आपल्याला शिकवलं नाही, शेजाऱ्यांनी शिकवलं. अमेरिकेतली आपली मराठी माणसं हेच करतात. तिथं पाडव्याला सुट्टी नाही, म्हणून महाराष्ट्र मंडळ पाडवा जवळच्या शनिवारी करतं. पण त्यांना सोय बघायची असते, मुंबईतल्या लोकांनी शेजारी बघितला.

मग कोणी म्हणेल, लोकच जर सुट्टी घडवतात तर सुट्टी हा लोकांचा हक्क झाला. न्यायालय म्हणतं, नाही. दादरा नगर हवेलीचा मुक्तिदिन २ ऑगस्ट. १९५४ साली पोर्तुगीजांकडून ती मुक्त झाली, त्या लढ्यात आपले सुधीर फडकेही होते. तिथली २ ऑगस्टची सुट्टी बंद झाली, तेव्हा एक जण मुंबई उच्च न्यायालयात गेला. जानेवारी २०२२ मध्ये न्यायालयानं सांगितलं की सार्वजनिक सुट्टी मिळणं हा कोणाचा मूलभूत हक्क नव्हे, तो सरकारच्या धोरणाचा विषय आहे. सुट्ट्या आधीच पुष्कळ झाल्या आहेत, असाही शेरा मारला. दोन वर्षांनी, २२ जानेवारी २०२४ला अयोध्येतल्या प्राणप्रतिष्ठेसाठी राज्यानं सुट्टी जाहीर केली. कायद्याच्या चार विद्यार्थ्यांनी तिला आव्हान दिलं, त्या १९६८च्या अधिसूचनेसकट. रविवारी, म्हणजे सुट्टीच्याच दिवशी, न्यायालय खास बसलं आणि याचिका फेटाळली. सुट्टी रद्द करा ही मागणी ऐकायला न्यायालयानं सुट्टीच्या दिवशी काम करावं, असा योग विरळा!

म्हणजे कायद्यानं सरकारला पूर्ण मोकळीक आहे. देऊ शकतं, काढूही शकतं. डेन्मार्कच्या सरकारनं १६८६ पासून चालत आलेली प्रार्थनेची एक सुट्टी २०२४ पासून बंदच केली. कारण सांगितलं, संरक्षणाचा खर्च वाढलाय, लोकांनी एक दिवस जास्त काम करावं. हजारो लोक रस्त्यावर आले, तरी सुट्टी गेली ती गेलीच. तेव्हा सरकारनं दिलेलं सरकार परत घेऊ शकतं. पण लोकांनी पाळलेला दिवस? २ ऑगस्टची सुट्टी गेली म्हणून मुक्तिदिनाची आठवण कुठे गेली?

आता आपल्या घरात येऊ. १ नोव्हेंबर १९५६च्या आधी आपली राजधानी नागपूर होती. मध्य प्रांत-वऱ्हाडचं सरकार तिथं बसायचं. मग आधी द्विभाषिक मुंबई राज्य झालं आणि राजपत्र मुंबईहून यायला लागलं, नंतर १ मे १९६०ला महाराष्ट्र झाला. १ मे ही आपल्याकडे सुट्टी. पण वेगळ्या विदर्भाचं आंदोलन करणारी मंडळी तो दिवस काळा दिवस म्हणून पाळतात हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. इथं मागे बसलेल्या काही जणांनी पाळलाही असेल. तिकडे बेळगावात १ नोव्हेंबरला कर्नाटक राज्योत्सवाची सुट्टी, आणि तिथला मराठी माणूस तो दिवस काळे झेंडे घेऊन पाळतो. सुट्टी सरकार देऊ शकतं, आनंद देऊ शकत नाही. मला इथं विदर्भाच्या बाजूनं किंवा विरुद्ध बोलायचं नाही. एवढंच म्हणायचं आहे की जो दिवस कोणाला आपला वाटत नाही, त्याला लाल रंग देऊन तो आपला होत नाही.

मग आपला दिवस कोणता? काटोल, नरखेड, सावनेर, कळमेश्वर या पट्ट्यात कोणालाही झोपेतून उठवून विचारा. पोळा! श्रावणातली अमावस्या. आदल्या दिवशी बैलांची खांदमळणी होते, खांद्याला हळद-तूप लावतात, बैलाला दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतण देतात. पोळ्याच्या दिवशी जू नाही, नांगर नाही, वखर नाही. शिंगं रंगवायची, झूल घालायची, तोरणाखाली उभं करायचं. मग झडत्या, म्हणजे पोळ्यात म्हणायची चिमटे काढणारी गाणी. झडत्यांमध्ये कोणाला सोडत नाहीत. सावकार, सरपंच, आमदार, सरकार, सगळ्यांची हजेरी. जगात कष्टकऱ्यांना सुट्टी मिळण्याच्या कितीतरी आधी आमच्या बैलांना सुट्टी होती, आणि तीही जेवणासकट. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. पोरं लाकडाचे बैल घेऊन दारोदार, हातात बोजारा, म्हणजे खाऊचे पैसे. नागपुरात काळी नि पिवळी मारबत, बडगे या पुतळ्यांची मिरवणूक, आणि वर्षभराची इडापिडा घेऊन जाण्याची आरोळी.

एवढा मोठा सण, राज्याच्या यादीत आहे का? नाही. पारशी नववर्ष आहे, असायलाच हवं. नागपूरला एम्प्रेस मिल जमशेटजी टाटांनी उभारली, ते आपण विसरू नये. पण पोळा नाही. पोळ्यासाठी दार आहे ते जिल्हाधिकाऱ्यांचं. जिल्हाधिकाऱ्यांना वर्षाला तीन स्थानिक सुट्ट्या जाहीर करता येतात. त्यात आपल्या जिल्ह्यात तान्ह्या पोळ्याचा, म्हणजे मारबतीचा दिवस असतो. बाकी दोन कधी महालक्ष्म्यांना, कधी नरक चतुर्दशीला. मुंबईत असे स्थानिक दिवस दहीहंडीला, अनंत चतुर्दशीला मिळतात. २०२५ साली तिथं ते दोन्ही दिवस शनिवारी आले, शनिवार तर बंदच. म्हणून ते रद्द करून नारळी पौर्णिमेला आणि गौरी विसर्जनाला सुट्टी दिली. सण मोठा की सुट्टी वाया न जाणं मोठं, हे त्यावरून समजा.

आणि स्थानिक सुट्टीच्या आदेशाचा शेवट नेहमी एकाच प्रकारच्या वाक्यानं होतो. हा आदेश न्यायालयांना, बँकांना, केंद्र सरकारच्या कार्यालयांना लागू नाही. म्हणजे ज्या कलम २५ पासून मी सुरुवात केली, त्या हुंडीच्या दिवसांत पोळा बसत नाही. मारबतीच्या दिवशी बँक उघडी, हप्ता कापला जाणार! नरखेडच्या पलीकडे, मध्य प्रदेशातल्या पांढुर्ण्याला, जाम नदीच्या काठी त्या दिवशी गोटमार असते. नदीच्या दोन काठांवरून दगड चालतात, माणसं जायबंदी होतात, काही वर्षी जिवानिशी गेलीत. तिथलं प्रशासन त्या दिवसासाठी बंदीचे आदेश काढतं, पोलीस आणतं. भाद्रपद शुद्ध प्रतिपदा तीच, भाषाही बहुतेक मराठीच. एका जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश सुट्टीचा, दुसऱ्यांचा मनाईचा. आणि लोक दोन्ही ठिकाणी आपल्या मनाचं करतात.

मला इथं कोणी विचारेल, मग मागणी करू या का, पोळा राज्याच्या यादीत घाला म्हणून? करा. माझा विरोध नाही. पण पोळ्याच्या दिवशी सुट्टी मिळून फायदा कोणाचा? तलाठ्याचा, शिक्षकाचा. ज्याचा बैल आहे तो सुट्टी देणाराही तोच आणि घेणाराही तोच. आणि ज्याचा बैलही नाही, जो दुसऱ्याचा बैल धुतो, त्याचं काय?

आता मी त्या शिडीवरच्या माणसाकडे आलो. दुकानं आणि आस्थापनांसाठी महाराष्ट्राचा २०१७ चा कायदा आहे. वीस किंवा जास्त माणसं कामाला असतील तर वर्षाला आठ पगारी सुट्ट्या द्याव्या लागतात. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, आणि मालक-कामगारांनी मिळून ठरवलेल्या चार. चांगला कायदा आहे. काटोलच्या बाजारपेठेत किती दुकानांत वीस माणसं आहेत? बागेत तोडा करणारी टोळी, पॅकिंगच्या शेडमध्ये पेट्या भरणाऱ्या बाया, हमाल, सालगडी, यांच्यासाठी यातलं काय? एक दिवस नाही गेलं की खाडा, आणि खाड्याचा पैसा कापला. बाजार समितीचं स्वतःचं पंचांग असतं. कित्येक बाजार समित्यांत अमावस्येला लिलाव बंद ठेवायची जुनी रूढी आहे. दिवाळीला व्यापाऱ्यांनी चार दिवस मार्केट बंद ठेवलं की शेतकऱ्याचं संत्रं झाडावर थांबत नाही, आणि हमालाची मजुरीही थांबते. व्यापाऱ्याची सुट्टी ती सुट्टी, आणि हमालाची ती बेकारी. एकाच दिवसाची ही दोन रूपं आहेत.

बैलाला पोळ्याला जू नाही. सालगड्याला पोळ्याला काम आहे. पहाटे बैल धुणं, शिंगं घासणं, झूल चढवणं, तोरणात उभं राहणं. सणाचं सगळं काम त्याच्याकडे, आणि सुट्टी बैलाला!

यावर मी दोन साध्या गोष्टी सुचवतो, आणि थांबतो. आपल्याकडे गावाची एक बैठक अशी आहे जी सुट्टीच्याच दिवशी भरते. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, या दिवशी ग्रामसभा घ्यायची आपल्याकडची रीत. झेंडा झाला, पोरांना गोळ्या-बिस्किटं वाटली, मास्तर घरी गेले, की गाव कामाला बसतं. पुढल्या वर्षाच्या सुट्ट्यांचे आदेश निघण्याच्या आधी २ ऑक्टोबरची ग्रामसभा होऊन गेलेली असते. स्थानिक तीन सुट्ट्यांपैकी एक कोणती हवी, याचा ठराव तिथं करा आणि जिल्हाधिकाऱ्यांना पाठवा. कागद हलवायचा तर कागदानंच हलवावा लागतो. लोखंड्यांनी नुसत्या सभा घेतल्या नाहीत, अर्जही केला होता.

आणि दुसरी गोष्ट ठरावाची नाही, बोलीची आहे. पाडव्याला साल ठरतं. मालक आणि गडी समोरासमोर बसतात. रोख किती, ज्वारी-गहू किती, कपडे, चप्पल, उचल, सगळं बोललं जातं. बहुधा सुट्ट्या बोलल्या जात नाहीत. येत्या पाडव्याला तुम्ही साल ठरवाल तेव्हा ज्वारीच्या पायल्या बोलून झाल्या की तिथंच बोला, वर्षात चार दिवस मजुरीसह मोकळे, आणि कोणते चार ते गड्यानं सांगायचे. त्यातला एक पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा तो मागेल असं मला वाटतं, पण ते त्याला विचारा. बरं, वेळ झाली आहे. आयोजकांनी प्रश्नांसाठी अर्धा तास ठेवला आहे, आणि मागच्या रांगेत दोन-तीन हात केव्हाचे वर आहेत. विचारा.